खिचडी शिजली, पोर उपाशी

सरकारी शाळेत दुपारी खिचडी येते. टोप उतरतो, रांग लागते, डाव फिरतो, रजिस्टरात आकडा पडतो. आज इतकी पोरं जेवली. आकडा वर जातो. वॉर्डाला, जिल्ह्याला, मंत्रालयाला, दिल्लीला. दिल्लीत बसून आकडा ढेकर देतो.

आणि त्या आकड्यातलं एक पोर उपाशी घरी जातं. त्याच्या पुढ्यात ताट होतं. ताटात खिचडी होती. ती त्याला गिळता आली नाही.

दोस्तांनो, मी त्या पोराबद्दल लिहितोय. त्याचा हात तोंडापर्यंत पोचत नाही. त्याची जीभ घास फिरवत नाही. त्याच्या जेवणाचा प्रश्न दयेचा नाही. त्याच्या आईच्या नशिबाचा नाही. एकट्या डॉक्टरचाही नाही. तो हक्काचा प्रश्न आहे, म्हणून आपला आहे. आपल्या अंकांतून जातीवर येतं, भाकरीवर येतं, झोपडपट्टीवर येतं, लाठीमारावर येतं. या पोराच्या घासावर एक ओळ येत नाही. ती आली पाहिजे. का, ते सांगतो.

मी डॉक्टर नव्हे. दहावी पास झालो आणि गोदीत कंत्राटावर माल उतरवायला लागलो. रात्रपाळी नसली की कविता लिहितो. खाली जे लिहितोय ते थोरल्या बहिणीच्या पोरापायी शिकलो. पोरगा आठ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी. म्हणजे मेंदूच्या ज्या भागातून स्नायूंना हुकूम सुटतो त्याला इजा. पोरगा हुशार आहे. पाढा चुकीचा म्हटला की डोळे मोठे करतो. मामाची थट्टा त्याला मामाच्या आधी कळते. पण मान धरत नाही, हात नेम धरत नाही, घसा वेळेवर झाकत नाही.

लोकांना वाटतं, जेवण म्हणजे तोंडात टाकलं की पोटात गेलं. धडधाकट माणसाला तसंच वाटणार. आपण पाव-भजी चावत बसच्या मागं धावतो. पण गिळणं हे काम आहे. ओठ मिटले पाहिजेत, जिभेनं घास मागं सारला पाहिजे, त्याच क्षणी श्वासाची वाट बंद झाली पाहिजे. यातलं एक चुकलं की अन्न फुफ्फुसाच्या वाटेला लागतं. ठसका लागतो. कधी कधी ठसकाही लागत नाही, अन्न गुपचूप आत जातं. ते जास्त वाईट. मग ताप, मग न्यूमोनिया, मग दवाखाना, मग आईचा पगार बुडाला.

इस्पितळातल्या थेरपिस्ट बाईंनी ताईला शिकवलं, ताईनं मला. पोराला सरळ बसवायचं, पाय टेकलेले, मान किंचित पुढं. मान मागं टाकून कधीच भरवायचं नाही, तसं केलं की श्वासाची वाट उघडी पडते. चमचा छोटा आणि उथळ. अर्धाच भरायचा. गिळलं का बघायचं, मग दुसरा. अन्न मऊ, एकजीव, जरा घट्ट. पातळ वरणात पोहणारा भाताचा दाणा सगळ्यात वाईट. पाणी आधी पळतं, दाणा मागं राहतो, पोराला दोन्ही सांभाळता येत नाहीत. काही पोरांना साधं पाणीसुद्धा दाट करून द्यावं लागतं. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. जबरदस्ती करायची नाही. आणि एका जेवणाला अर्धा-पाऊण तास लागतो म्हणजे लागतो.

यात अणुबॉम्बचं शास्त्र नाही. चौथी नापास बाई हे दोन-चार दिवसांत शिकते. माझी ताई शिकली. मी शिकलो. माझ्या हाताला पोती उचलायची सवय, तरी अर्धा चमचा न सांडता धरायला शिकलो.

आता शाळेत चला.

शाळेचं नाव लिहीत नाही. तशा शाळा गल्लोगल्ली आहेत. दाखला घेताना हेडमास्तर म्हणाले, "ताई, नाव घालतो, कायदाच आहे. पण मधल्या सुट्टीत तुम्ही येऊन भरवायचं." ताई चार घरची धुणीभांडी करायची. दुपारची दोन घरं सोडली. रोज साडेबाराला शाळेच्या कोपऱ्यात बसून पोराला भरवू लागली. सरकारनं पोराला फुकट शिक्षण दिलं आणि आईची अर्धी कमाई फी म्हणून कापून घेतली. पावती नाही.

एक दिवस ताईला ताप. वर्गाच्या बाईंनी माया केली. पोराला मांडीवर आडवं घेतलं, तान्ह्या बाळाला घेतात तसं, आणि खिचडी भरवली. पोर निळं पडलं. थोडक्यात वाचलं. बाईंना मी दोष देत नाही. चाळीस पोरांचा वर्ग, त्यांना कुणी हे शिकवलेलं नाही, आणि तरी त्यांनी हात पुढं केला. बाकीच्यांनी तोही केला नसता. पण शाळेनं त्यानंतर काय केलं? बाईंना शिकवलं? थेरपिस्टला बोलावलं? घास मऊ केला? छे. शाळेनं फर्मान काढलं: आई आली नाही त्या दिवशी याला काही खायला-प्यायला द्यायचं नाही. धोका नको.

म्हणजे दहा ते पाच. सात तास. ना घास, ना घोट. पाणी नाही म्हणून पोट साफ होत नाही, पोट साफ नाही म्हणून दुखतं, दुखतं म्हणून पोर कळवळतं, हातपाय आखडतात. आणि वहीत शेरा येतो: लक्ष देत नाही, वर्गात त्रास देतो.

आधी उपाशी ठेवायचं, मग लक्ष नाही म्हणून शेरा मारायचा. ही चाल आपल्याला ओळखीची नाही काय? आधी शाळेबाहेर ठेवायचं, मग अडाणी म्हणायचं. आधी पाणी तोडायचं, मग घाणेरडे म्हणायचं. चाल तीच. फक्त पोर वेगळं.

गोदीत पेट्या येतात. लाकडी पेटीवर काचेच्या पेल्याचं चित्र असतं. म्हणजे आत फुटणारा माल, जपून. दोन बाण वर तोंड करून असतात. म्हणजे ही बाजू वर, आडवी करू नका. छत्रीचं चित्र म्हणजे ओली होऊ देऊ नका. ही चित्रं कुठल्याही देशातल्या हमालाला वाचता येतात, शाळा शिकलेली लागत नाही. पेटी आडवी पडली तर मुकादम आईवरून शिव्या घालतो, नुकसान भरून मागतात. परदेशातून आलेल्या काचेच्या भांड्यासाठी दुनियेनं एवढी अक्कल लढवली. माझ्या भाच्यासाठी एका कागदावर एवढंच लिहायचं होतं: ही बाजू वर, आडवं करू नका. तो कागद सबंध शाळेत नव्हता.

आता कायद्याकडं येऊ. कारण आपली माणसं म्हणतात, काय करणार, सरकारकडं काही नाही. सरकारकडं कायदा आहे. रग्गड आहे.

२८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टानं हुकूम दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या पोरांना शिजवलेलं अन्न द्या, कोरडा तांदूळ देऊन हात झटकू नका. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या पोरांचं हे जेवण हक्क म्हणून लिहिलं. प्राथमिकच्या पोराला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, त्याच्या वरच्याला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. २०२१ ला योजनेचं नाव बदललं, पंतप्रधानांचं पद नावात घातलं. टोप तोच राहिला.

दुसरा कायदा २०१६ चा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यातलंच एक. कलम १६ म्हणतं, सरकारी पैशावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शाळेनं अशा पोराला बाकीच्यांबरोबर शिकवावं आणि त्याच्या गरजेप्रमाणं वाजवी सोय करावी. आणि त्याच कायद्याची व्याख्या आणखी पुढं जाते. वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव, असं ती म्हणते. नीट वाचा. गैरसोय नव्हे, अडचण नव्हे. भेदभाव. हा शब्द आपल्या रक्तातला आहे. तो कायद्यात या पोरासाठी लिहून ठेवलाय आणि त्याच्या आईला कुणी सांगितलेलं नाही.

दोन कायदे आहेत. एक म्हणतो अन्न दे. दुसरा म्हणतो गरजेप्रमाणं दे. दोघांची गाठ कुठं पडायला पाहिजे? पोराच्या ताटात. तिथंच ती पडत नाही. अन्नाचा खातेदार वेगळा, अपंगाचा खातेदार वेगळा. एक तांदळाची पोती मोजतो, दुसरा व्हीलचेअर मोजतो. घशाखाली काय उतरलं ते कुणाच्याच रजिस्टरात नाही. टोपात ४५० कॅलरी होत्या, हे खरं. पोराच्या पोटात चौथा हिस्सा गेला तर शंभराच्या जरा वर. उरलेलं ताट कुत्र्याला. रजिस्टरात मात्र लाभार्थी एक.

इथं बाबासाहेबांची आठवण येणारच. साताऱ्याच्या शाळेतला भीम. बसायला घरून गोणपाट न्यायचा. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ उघडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, आपण सगळ्यांनी वाचलंय, भाषणात सांगतो, पोस्टरवर लावतो.

आता माझ्या भाच्याकडं बघा. नळ आहे, पाणी आहे, हात लावायला कुणाची बंदी नाही. पण भरवायला माणूस आहे तर पाणी, माणूस नाही तर तहान. सात तास.

मी दोन्ही एकच आहेत असं म्हणत नाही. भीमाला विटाळ मानून दूर ठेवलं होतं. तिथं माणसानं माणसाला ठरवून कमी लेखलं होतं, धर्म आणि पोथ्या त्याच्या मागं होत्या. माझ्या भाच्याला शाळेत कुणी विटाळ मानत नाही. त्याला विसरतात. अस्पृश्यता हा कट होता, हा विसर आहे. पण तहानलेल्या पोराला या फरकानं काय ओलावा मिळतो? आणि विसर कुणाचा पडतो, तेही बघा. साहेबाचं पोर असं जन्मलं तर त्याच्यासाठी थेरपिस्ट घरी येतो, सांभाळायला बाई असते, मिक्सरात वाटलेलं सूप थर्मासातून शाळेत जातं. विसर पडतो तो धुणीभांडीवालीच्या पोराचा. विसरालाही पत्ता पाठ असतो.

आणि वरून शब्द देतात. दिव्यांग. म्हणे अंगात दिव्यता आहे. च्यायला, दिव्यता आहे तर एक वाटी मऊ भात का नाही? आपल्याला नाही का 'हरिजन' म्हटलं होतं? देवाची लेकरं म्हणायचं आणि देवळाबाहेर ठेवायचं. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्या शब्दावरून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी उठून बाहेर पडले. गोड शब्द हा फुकटचा असतो. त्याला बजेट लागत नाही. ज्याला हक्क द्यायचा नाही त्याला देवाच्या नात्यातला करून टाकायचा, ही या देशाची जुनी खोड आहे.

आता अंड्यावर येतो. अंडं म्हटलं की काही लोकांना घाम फुटतो. फुटू दे.

ज्या पोराच्या पोटात थोडंच जातं, त्याच्या थोड्या घासात जास्त ताकद भरावी लागते. हे साधं गणित आहे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. प्राथमिकच्या पोराच्या दिवसाच्या जेवणाला कायद्यानं ठरवलेली बारा ग्रॅम, त्यातली निम्मी एका अंड्यात. उकडलेल्या अंड्याचा बलक कोरडा, तो टाळूला चिकटतो. म्हणून कुस्करायचं, वरणात आणि चमचाभर तेलात किंवा तुपात एकजीव करायचं, मऊ खिचडीत मिसळायचं. चावावं लागत नाही. न चावणाऱ्या पोरासाठी याच्याहून स्वस्त, याच्याहून सोपं काही मला कुणी दाखवावं.

महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं, आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं. आठवड्यातून एक! तमिळनाडूत पोरं शाळेच्या दिवशी रोज अंडं खातात, तिथं काही आभाळ कोसळलेलं नाही. इथं आठवड्याचं एकसुद्धा पचलं नाही. आधी विरोध, सह्या, निवेदनं. मग जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचा पैसा काढून घेतला आणि शाळांना सांगितलं, द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या. लोकवर्गणी! ज्या वस्तीत आई दोन घरची कामं सोडून पोराला भरवायला येते, त्या वस्तीतून वर्गणी काढायची.

कुणाच्या तोंडात जबरदस्तीनं अंडं घाला असं कुणी म्हणत नाही. ज्याला नको त्यानं केळं खावं, दूध प्यावं, मजेत राहावं. पण केळ्यात प्रथिनं जेमतेम एक-दीड ग्रॅम असतात, हेही त्यानं लक्षात ठेवावं. एकाच्या सोवळ्यापायी दुसऱ्याच्या पोराच्या ताटातलं अंडं उचलायचं, हे शाकाहार नाही. ही मक्तेदारी आहे. आणि या मक्तेदारीची सगळ्यात मोठी किंमत कोण भरतं? आपली धडधाकट पोरं भाकरीबरोबर सुकट खाऊन, चणे खाऊन निभावतात. ज्याला सुकट चावत नाही, चणा गिळत नाही, त्याच्याकडं मोजके पर्याय होते. त्यातला सगळ्यात चांगला काढून घेतला.

पैशाची रड कुणी सांगू नये. मे २०२५ पासून प्राथमिकच्या पोरामागं डाळ, भाजी, तेल, मसाला, जळण धरून केंद्राच्या योजनेत दिवसाला ६ रुपये ७८ पैसे ठरले. तांदूळ वेगळा. एका अंड्याची बाजारातली किंमतच त्याच्या आसपास जाते. या पैशात सबंध जेवण करायचं. ही रक्कम कुणी ठरवली, त्यानं शेवटचा बाजार कधी केला, ते त्यालाच ठाऊक.

आता शिजवणारणीकडं. आपली बाई असते बहुतेक. २० एप्रिल २००४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्या. चांगला हुकूम. तरी डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित बाईच्या हातचं सवर्णांच्या पोरांनी खाल्लं नाही, आणि तिला कामावरून काढलं. अशी ही शाळेची चूल. तिच्यापाशी उभं राहायला धाडस लागतं, आणि ते धाडस या बायका रोज करतात. त्याचं मानधन केंद्रानं २००९ साली महिन्याला १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले १० महिने. राज्य वर काही भर घालतं. मानधन म्हणायचं म्हणजे किमान वेतन द्यायला नको. धन कमी, मान तर त्याहून कमी.

म्हणून मी असं म्हणणार नाही की याच बाईनं फुकटात अपंग पोरांनाही भरवावं. एका गरिबाचं ओझं दुसऱ्या गरिबाच्या डोक्यावर ठेवून व्यवस्था मोकळी होते, हा खेळ गोदीत आम्ही रोज बघतो. टोळीतला एक माणूस कमी केला की उरलेल्यांच्या पाठीवर त्याचं पोतं येतं. पोतं कमी होत नाही. माझं म्हणणं, भरवणारी मदतनीस हे वेगळं काम धरा, वेगळा पगार द्या, आणि ते आधी त्या वस्तीतल्या बाईला द्या. अशा पोराच्या आईलाच द्या. आज ती ते काम फुकट करतेच आहे, आपली रोजी बुडवून. तिला शिकवा, पगार द्या, तिच्या हाताखाली शाळेतली अशी चार-पाच पोरं जेवतील.

कारण माझा भाचा एकटा नाही. सिकलसेलची पोरं बघा. विदर्भात आपल्या आणि आदिवासींच्या घरांत हा आजार मुक्काम ठोकून आहे. त्या पोराला घोट घोट पाणी सारखं प्यावं लागतं. पाणी कमी पडलं तर दुखण्याचा झटका येऊ शकतो. म्हणजे त्याला वर्गात पाण्याची बाटली लागते आणि मुतायला जायची मुभा लागते. मास्तर म्हणतो, सारखं काय बाहेर, बस खाली. सिकलसेलसुद्धा त्या २१ मध्ये आहे. मास्तरला माहीत नाही.

साखरेचा आजार असलेली पोरं आहेत, पहिल्या प्रकारची, ज्यांना रोज इन्सुलिन टोचावं लागतं. सुई टोचली की वेळेवर खावंच लागतं, नाहीतर साखर उतरून पोर भोवळ येऊन पडतं. खिचडीची गाडी तासभर उशिरा आली तर बाकीच्यांना भूक लागते, त्याच्या जिवावर बेततं. सीबीएसईनं २०१७ साली बोर्डाच्या परीक्षेला अशा पोरांना गोळी-बिस्कीट, फळ जवळ ठेवायची परवानगी दिली. ठीक केलं. पण बोर्डाच्या परीक्षेपर्यंत जो पोचला त्याला परवानगी. पहिलीतल्या पोराला म्युनिसिपालिटीच्या शाळेत कोण परवानगी देणार?

काही पोरांना गव्हाचा कणही सोसत नाही. स्वमग्न पोरं असतात, एका रंगाचं, एका चवीचंच खातात, ताटात दोन पदार्थ एकमेकांना लागले की ताट भिरकावतात. त्याला लोक माजोरडा म्हणतात. तो माजोरडा नसतो. त्याच्या जिभेवर आणि कानावर जग आपल्यापेक्षा दसपट जोरात आदळत असतं. त्याला एका कोपऱ्यात शांत बसू दिलं, वाट्या वेगळ्या दिल्या, तर जेवतो. वेगळी वाटी! एवढीच क्रांती पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं मोजली. या सगळ्यांनी कधीतरी शाळेत जायला पाहिजे होतं. किती गेली, किती टिकली, त्यातली किती दुपारी जेवली, याचा हिशोब मागा एकदा.

आता आपल्या घरात येतो. बाहेरच्यांना शिव्या देणं सोपं असतं.

आपल्या वस्तीत अशा पोराला काय म्हणतात? मागच्या जन्माचं पाप. अरे, कुठला मागचा जन्म? आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला कर्मविपाक नागपूरला टाकून आलो ना? जो सिद्धांत आपल्याला महारवाड्यात डांबत होता तोच उचलून एका आठ वर्षांच्या पोराच्या गळ्यात अडकवायचा? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोखाली पोराच्या मनगटात काळा दोरा. बुवाकडं न्यायला पैसे असतात, थेरपिस्टकडं न्यायला बसभाडं नसतं. आणि दोष सगळा बाईचा. ग्रहणात भाजी चिरली म्हणून. नवरा, सासू, शेजारी, सगळे ग्रहणाचे पंडित होतात.

दुसरी गोष्ट. मित्र म्हणतात, हा काय मोर्चाचा प्रश्न आहे? आधी मोठे प्रश्न सुटू द्या. अत्याचार, आरक्षण, जमीन, नोकरी. मी म्हणतो, प्रश्नांची ही उतरंड कुणी रचली? मोठ्या मडक्याखाली लहान मडकं दाबायचं, ही उतरंड आपली नव्हे. ज्याला मोर्चात चालता येत नाही, घोषणा देता येत नाही, मत देता येत नाही, त्याचा प्रश्न चळवळीनं घेतला तर चळवळ खरी. जो नारा देऊ शकतो त्याचाच प्रश्न घ्यायचा, हे तर कुठलाही पक्ष करतो.

तिसरी गोष्ट सवालाच्या रूपात ऐकतो. एवढं सगळं करून पोर बरं होणार आहे का? नाही. सेरेब्रल पाल्सी अन्नानं जात नाही. मग? माझा भाचा धावायला लागावा म्हणून त्याला जेवायचं नाहीये. त्याला भूक लागते म्हणून जेवायचंय. त्याचं वजन भरावं, छाती वारंवार भरून येऊ नये, दुपारी डोळे उघडे राहावेत, पाढे कानात शिरावेत. जो उपयोगी पडेल त्यालाच अन्न, हा हिशोब मालकाचा. गोदीत पाठ मोडलेल्या माणसाला मुकादम हाच हिशोब सांगतो. आपण तो हिशोब मानत नाही म्हणून तर आपण चळवळीत आहोत.

तेव्हा काय मागायचं? गोलगोल बोलून चालणार नाही. स्पष्ट मागू.

प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत अशा पोराच्या नावानं जेवणाचा एक कागद पाहिजे. काय खातो, किती मऊ, पाणी कसं, कसा बसवायचा, ठसका लागला तर काय करायचं. थेरपिस्टनं आणि आईनं मिळून लिहिलेला, मराठीत, चित्रांसकट. वर्गात लावलेला, पेटीवरच्या पेल्यासारखा, कुणालाही वाचता येईल असा. टोपातलंच अन्न त्याच्यासाठी वेगळं काढून मऊ शिजवायला, कुस्करायला पाहिजे. वेगळी चूल लागत नाही, अर्धा तास जास्त आणि एक रवी लागते. भरवायला पगारी, शिकवलेली बाई पाहिजे. पोराला जेवायला लागेल तेवढा वेळ पाहिजे, घंटा झाली म्हणून ताट ओढायचं नाही. त्याला सगळ्या पोरांच्या पंगतीत बसवलं पाहिजे, जिन्याखाली नाही. सरळ बसेल अशी खुर्ची पाहिजे. अंडं परत पाहिजे, सरकारी पैशातून पाहिजे. आणि रजिस्टरात एक नवा रकाना पाहिजे: पोरानं किती खाल्लं. कायद्यानं पोराचं वजन वाढायचा हक्क दिलाय, टोपाचं नव्हे.

हे मागायला मंत्रालयावरच जावं लागतं असं नाही. उद्या सकाळी आपल्या गल्लीतल्या शाळेत जा. दोघं-तिघं जा. हेडमास्तरला विचारा, इथं अशी किती पोरं पटावर आहेत, त्यातली किती रोज येतात, दुपारी त्यांना कोण भरवतं. उत्तर लिहून घ्या. नाही दिलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, तिथं अशा पोराच्या आईला बसवा. कलम १६ चा कागद झेरॉक्स करून तिच्या हातात द्या. मास्तर म्हणाला धोका आहे, तर म्हणा, उपाशी ठेवणं हा धोका नाही काय? शिकवा म्हणजे धोका कमी होईल. आणि मास्तरवर गुरकावू नका. त्याच्याही डोक्यावर चाळीस पोरं आणि सतरा अहवाल आहेत. त्याला आपल्या बाजूला ओढा, वरच्यांवर गुरकावा.

वाचनालयात बसून क्रांतीवर बोलणाऱ्या मित्रांना एक काम सांगतो. वस्तीतल्या अशा एका पोराला एकदा भरवून बघा. त्याच्या आईला विचारून, तिच्याकडून शिकून. सरळ बसवा. अर्धा चमचा घ्या. थांबा. गिळलं का बघा. मग दुसरा. पाऊण तास लागेल. हात भरून येईल. त्या पाऊण तासात तुम्हाला कळेल की माणसाला अन्नापर्यंत पोचवणं म्हणजे काय असतं.

आपण चवदार तळ्यावर गेलो ते नुसतं पाणी प्यायला नव्हे, असं बाबासाहेब तिथंच सांगून गेले. माणूस म्हणून बरोबरीनं उभं राहायला गेलो. या पोरांना उभं राहता येत नाही. त्यांच्यापर्यंत तळंच न्यावं लागेल, अर्ध्या अर्ध्या चमच्यानं. न्यायचं आपणच आहे.

जय भीम.